धोंडूच्या गाडीची मागची सीट

कोकणातल्या कट्टा बाजारात भाड्याच्या दोनच गाड्या उभ्या असत. एक बाबली वराडकरची, दुसरी धोंडू चिंदरकरची. ज्याला कोर्टाची तारीख गाठायची असे तो बाबलीकडे जाई. अवघडलेल्या बाया, टाके घातलेली माणसं, प्लास्टरमधले हातपाय, दवाखान्यातून घरी आणायचे म्हातारे धोंडूच्या वाट्याला येत. धोंडू फार तरबेज ड्रायव्हर होता म्हणून नव्हे. तो भित्रा होता म्हणून.

हे त्याने कधी लपवलं नाही. तरुणपणी तो लाकडाच्या ट्रकवर क्लीनर होता. एकदा करूळ घाट उतरताना पुढच्या ट्रकचे ब्रेक गेले. रस्ता वळला, ट्रक वळला नाही. धोंडूने ते काचेतून पाहिलं. पुढे तो ड्रायव्हर झाला, गाडीचा मालकही झाला, पण काचेतून दिसलेलं ते काही पुसलं गेलं नाही. वळणाआधी तो हॉर्न देई, वळणात देई आणि वळण संपल्यावरही देई. एसटीच्या मागे सापडला की एसटीच्या मागेच राही. घाट लागण्याआधी गाडी बाजूला घेऊन चारी चाकं लाथ मारून बघे, मग हात जोडे, मग पुन्हा एकदा चाकं बघे.

"धोंड्या," बाबली विचारी, "गाडी चालवतंस काय गाडयेक फिरवूक न्हेतंस?"

धोंडू हसून सोडून देई. बाजारातल्या बायकांना मात्र या भीतीची किंमत ठाऊक होती. सून पोटुशी असली की सासू म्हणे, "भित्र्या धोंडूक सांगा."

१९८५च्या डिसेंबरात कसालच्या तिठ्यावर त्याच्या उभ्या गाडीला रेतीचा ट्रक मागे येता येता धडकला. धोंडू तेव्हा समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. डिकी आत गेली आणि मागच्या सीटखालचा पत्रा वर उचलला गेला. गाडी कोल्हापूरच्या ज्या एजन्सीतून घेतली होती तिथेच दुरुस्तीला पाठवली. परत आली तेव्हा रंगाचा वास मारत होती आणि बाहेरून नव्यासारखी दिसत होती.

आतलं धोंडूला दिसलं नाही. मागची बैठक म्हणजे लोखंडी चौकटीवर बसवलेली जाड गादी. ही चौकट पुढच्या बाजूने पत्र्याच्या दोन कानांना बोल्टने धरलेली असते आणि ते कान गाडीच्या तळाला जोडलेले असतात. ट्रकच्या धडकेत दोन्ही कान तुटले होते. ते पुन्हा पक्के वेल्ड करून बसवले, असं एजन्सीने त्याला सांगितलं. त्याने मान हलवली. शिवाय ड्रायव्हरला आपल्या गाडीची मागची सीट ठाऊक नसते. तो जन्मभर तिच्याकडे पाठ करून बसलेला असतो.

काही दिवसांतच मागून टकटक ऐकू येऊ लागली. घाट उतरताना तर कुणी खालून ठोकावं तशी. मागे बसणाऱ्यांनी आधी थट्टा केली. बाबलीने बाजारभर सांगितलं, "धोंड्याच्या गाडयेत कोणतरी फुकट बसता आणि वर दार ठोकता." धोंडूची बायको सुगंधा हसली नाही. तिने घाटातल्या देवळात नारळ ठेवायला लावला. टकटक थांबली नाही.

फेब्रुवारीत कोल्हापूरचं भाडं मिळालं तेव्हा धोंडू एजन्सीत गेला. दुरुस्तीचा कारभार पाहणारे शिंत्रे काचेच्या खोलीत बसत. त्यांच्यासमोर धोंडू चप्पल बाहेर काढून उभा राहिला. तसं कुणी सांगितलं नव्हतं.

"बोला मामा."

"साहेब, मागची सीट थोडीशी हलते."

घोटाळा इथेच झाला. धोंडूच्या मनातला शब्द होता 'वायच'. मालवणी माणूस या शब्दाने माप सांगत नाही. तो 'वायच बस' म्हणतो तेव्हा पाहुण्याने जेवूनच जायचं असतं. 'वायच ताप आसा' म्हणतो तेव्हा माणूस अंथरुणातून उठत नसतो. हा शब्द समोरच्याला बोचू नये म्हणून घालायचा असतो. हापिसात मराठी नीट बोलायचं म्हणून धोंडूने त्याचं 'थोडीशी' केलं, आणि त्या क्षणी ते माप झालं. शिंत्र्यांनी तेच ऐकलं आणि तेवढंच करून घेतलं. मेकॅनिकने चौकटीखाली रबराचे जाड तुकडे सरकवले आणि वरून गादी दाबून बसवली.

टकटक बंद झाली. सुगंधाला वाटलं, नारळ पावला. धोंडू कित्येक दिवसांनी निवांत जेवला.

मार्चमध्ये आनंदीबाई नेरूरकर विहिरीच्या पायरीवरून घसरल्या आणि त्यांची मांडी मोडली. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. अर्ध्या कट्ट्याला त्यांनी मुळाक्षरं शिकवली होती, त्यात धोंडूही होता आणि लहानपणी त्यांनाही तो घाबरायचा. कोल्हापूरच्या हाडांच्या डॉक्टरांनी कमरेपासून पावलापर्यंत प्लास्टर घातलं आणि बजावलं, की हाड नुसतं टेकवून ठेवलंय, धरलेलं नाही. धक्का बसला तर सरकेल, आणि या वयात पुन्हा सरकलं तर पाय जमिनीला टेकेल याची खात्री नाही.

त्यांना घरी आणायला अर्थातच धोंडू गेला. बाईंना मागच्या सीटवर आडवं निजवलं, प्लास्टरच्या पायाखाली गवत भरलेली उशी दिली. पुढे धोंडूच्या शेजारी त्यांची धाकटी जाऊ राधाबाई बसली. गगनबावडा येईपर्यंत बाई बोलत होत्या. मग घाट सुरू झाला.

वरून तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरून एसटी आली. धोंडूने ब्रेक दाबला, तोही हलकेच. मागून काही मोडल्याचा आवाज आला नाही. कापडावर कापड घासावं एवढाच आवाज आला. मग बाईंचा स्वर, वर्गातल्यासारखा स्पष्ट.

"धोंडू, मी पडते आहे."

गाडी थांबवून त्याने मागे पाहिलं. पूर्ण बैठक बाईंसकट पुढे सरकून तिरपी झाली होती. बाईंची कंबर दोन सीटच्या मधल्या खड्ड्यात गेली होती आणि प्लास्टरचा पाय दाराला अडकून वर राहिला होता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. धोंडूने चाकापुढे दगड लावला. राधाबाई आणि तो, दोघांनी मिळून त्यांना उचललं, बैठक मागे ढकलली, पुन्हा निजवलं. राधाबाई सारखं एकच विचारत राहिली, "हाड सरकला काय रे? हाड सरकला काय?" धोंडूला ते कसं कळावं. ते प्लास्टरच्या आत होतं.

उरलेला घाट तो पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता उतरला. मागून येणाऱ्या गाड्या हॉर्न मारत होत्या. तळेऱ्याला पोहोचल्यावर त्याने गाडी कडेला घेतली आणि वाकून बैठकीखालचं रबर चाचपलं. तेव्हा त्याला रबराचा अर्थ कळला. टकटक म्हणजे सीटने दिलेली सूचना होती. एजन्सीने सूचना बंद केली होती. सुटणं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी तो कणकवलीच्या एका वेल्डरकडे गेला. त्याने सीट उचलून बघितली आणि हात झटकले. "कान ढिले झालेत. पण पलीकडे पेट्रोलची टाकी आसा. टाकी उतरवल्याशिवाय हंय ज्योत लावणा नाय मी. ज्यांनी केला त्यांकाच सांग."

धोंडूने त्यांना सांगितलं नाही. महिना असाच काढला. मागच्या सीटवर तो कुणाला घेईना. भाडं आलं की म्हणे, गाडीचं काम आहे. आनंदीबाईंच्या घरावरून जायचा रस्ता त्याने सोडला आणि मळ्याकडून लांबचा फेरा घेऊ लागला. बाईंनी विचारलं असतं तर काय सांगणार होता? आणि न विचारता नुसतं पाहिलं असतं तर?

शेवटी बाईंनीच निरोप पाठवला. तो गेला तेव्हा त्या खाटेवर उताण्या पडल्या होत्या, उशाला वर्तमानपत्र.

"मे महिन्यात डॉक्टरांनी बोलावलंय. नवा फोटो काढायचाय. तू नेणार ना?"

"बाई, बाबलीची गाडी बरी. माझी सीट तुमका म्हायत आसा."

"म्हायत आसा," बाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडी मालवणी आलं की पोरं गप्प होत असत. "तुझी सीट सुटली, पण तू ब्रेक हलकेच दाबला होतास. बाबलीच्या गाडीत असते तर मी काच फोडून बाहेर गेले असते. मी तुझ्याच गाडीतून जाणार. सीट नीट करून घे."

"ते लोक ऐकत नाहीत, बाई."

"तू सांगितलंस का?"

त्या रात्री धोंडूने सुगंधाला सांगितलं, की बाईंचा आपल्यावर विश्वास आहे आणि त्याचीच भीती वाटते. सुगंधा म्हणाली, "मगे जा आणि सांग त्यांका. माका सांगान सीट घट्ट होणा नाय."

एप्रिलच्या अखेरीस तो रिकामी गाडी घेऊन कोल्हापूरला निघाला. गगनबावड्यापासून तो एकच वाक्य म्हणत होता, तोंडाने, मोठ्याने. 'साहेब, माझ्या गाडीची मागची सीट तुम्ही नीट बसवलेली नाही.' कळे ओलांडेपर्यंत वाक्य पाठ झालं. एजन्सीच्या फाटकात शिरताना 'तुम्ही' गळून पडला. काचेच्या खोलीसमोर पुन्हा चप्पल काढताना उरलेलंही गेलं.

"या मामा. आता काय काढलं?"

"साहेब, ती सीट... परत थोडी..."

"मागल्या खेपेलाही थोडीच होती," शिंत्रे म्हणाले. "थोडीचं काम थोडंच असतंय." बाहेरचे दोघं मेकॅनिक हसले.

"सुटते, साहेब."

"सुटते का हलते? एक काय ते ठरवून या की."

"सुटते."

शिंत्रे वाईट माणूस नव्हते. ते उठले, एका मेकॅनिकला चालवायला बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसले. गाडी समोरच्या रस्त्यावर गेली, चौकातून वळली, परत आली. वाटेत शिंत्र्यांनी दोनचारदा उसळून बघितलं. शरीराने ते चांगले भरलेले होते. सीट जागची हलली नाही.

"बघा मामा. माझ्या वजनाला टिकली. आणखी कुणाला बसवू?"

मग त्यांनी खाली वाकून चौकटीच्या फटीतून काहीतरी ओढून काढलं. वाळल्या गवताच्या काड्या होत्या. त्या त्यांनी धोंडूच्या नाकासमोर धरल्या.

"हे काय?"

धोंडूने तोंड उघडण्याआधीच शिंत्रे पुढे म्हणाले.

"मी सांगतो. आंब्याच्या पेट्यांतलं गवत. तुम्ही कोकणातले लोक सीझनला सीट काढता, पेट्या भरता, बाजाराला पाठवायला ट्रकपर्यंत नेता, मग सीट परत कशीबशी अडकवता. कान तुटले की आमच्या नावानं शंख."

"नाही साहेब. पेट्या नाही भरल्या."

"मग गवत कुणी खाल्लं? गाडीनं?"

आता बरेच जण हसले. गवत बाईंच्या पायाखालच्या उशीतलं होतं, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. धोंडूला ते वाक्य सापडलं नाही. माणसं हसायला लागली की त्याच्या डोक्यात एक पांढरा पडदा पडे आणि त्यामागचं काही दिसेनासं होई. लहानपणी फळ्यासमोर उभं केल्यावर पडे तसा. तो "बरं साहेब" म्हणाला. चप्पल घातली. गाडीत बसला आणि चावी फिरवली.

फाटकातून बाहेर पडलं की कोल्हापूर, मग कळे, मग गगनबावडा, मग घाट. उतार. हे सगळं त्याला काचेतून एकदम दिसलं. मग त्या रस्त्यावर मागे निजलेल्या बाई दिसल्या, हात छातीवर ठेवून, धोंडू ब्रेक हलकेच दाबेल या भरवशावर. शिंत्र्यांची भीती होतीच. ही तिच्यापेक्षा मोठी निघाली, एवढंच झालं. त्याने गाडी बंद केली आणि खाली उतरला.

वर्कशॉपच्या एका बाजूला गाड्या धुवायचा चौथरा होता. गाडी वर चढवायला आणि उतरवायला त्याला सिमेंटचा उतार केलेला होता. धोंडूने तिकडे बोट दाखवलं.

"साहेब, सपाटीला नाही सुटत. बसलेल्या माणसाखाली नाही सुटत. माणूस आडवं असलं आणि गाडी उतारावर असली की सुटते. मी झोपतो. तुम्ही गाडी तिथून खाली आणा आणि ब्रेक मारा."

शिंत्र्यांनी त्याच्याकडे बघितलं. "लागेल की ओ, मामा."

"होय."

तो दार उघडून मागच्या सीटवर आडवा झाला. आपल्या गाडीचं छत त्याने आतून असं कधीच पाहिलं नव्हतं. कापडावर एक पिवळा डाग होता. सीटला औषधांचा, घामाचा आणि जुन्या तेलाचा वास होता. इतक्या वर्षांच्या सगळ्या आजारी माणसांचा वास. त्याने एक पाय ताठ केला आणि दाराला टेकवला. मेकॅनिक चौथऱ्यावर गाडी चढवता चढवता मागे वळून म्हणाला, "कशाला तरी धरून ऱ्हावा."

"बाईंका खंय धरूक येता?" धोंडू म्हणाला. मेकॅनिकला ते कळलं नाही.

गाडी उताराला लागली. छत तिरपं झालं. उडी मारावी, ओरडावं, पुढच्या सीटला लोंबकळावं असं त्याला एकाच वेळी वाटलं. त्याने हात छातीवर घट्ट दाबून धरले. ब्रेक लागला. या खेपेला फटकन आवाज झाला. गादी त्याच्याखालून निघाली, तो मधल्या खड्ड्यात आदळला, कोपर तळाच्या उंचवट्यावर आपटलं आणि गादी वरून त्याच्या कमरेवर आली. क्षणभर त्याला वाटलं की मांडी मोडली.

शिंत्र्यांनी दार उघडलं. तळाशी पडलेला धोंडू उठायचा प्रयत्न करत नव्हता. ओठातून रक्त येत होतं. तो बोलायला लागला तेव्हा हापिसातली मराठी संपलेली होती.

"माझ्या गाडयेत मोडलेली माणसा निजतत, सायबानू. ही सीट वायच हालणा नाय. ही सुटता. ही माणसाक खाली टाकता. तां गवात बाईंच्या पायाखालच्या उशयेतला. माका ह्या गाडयेची भिती वाटता. माझ्याच गाडयेची."

तो ओरडला नव्हता. उभ्या असलेल्या कोल्हापूरकरांपैकी कुणी मालवणी बोलणारं नव्हतं, पण काय म्हणाला ते कुणी विचारलं नाही. दोघांनी त्याला धरून बाहेर काढलं. मग सगळे आत वाकले.

एक कान बोल्टसकट उखडून आला होता. जिथून तो निघाला ती जागा उघडी होती. कानाच्या दोन टोकांना वेल्डिंगचे दोन ठिपके, आणि मधल्या सगळ्या लांबीवर फक्त रंग. गाडीचा पांढरा रंग, व्यवस्थित मारलेला. शिंत्र्यांनी दुसऱ्या कानावरचा रंग नखाने खरवडला. तिथेही तेच होतं. आंब्याच्या पेट्यांनी वेल्डिंग तुटतं, पण जे केलंच नाही ते तुटत नाही. हे कुणी बोलून दाखवलं नाही. शिंत्रे उभे राहून कुणाकडे न बघता म्हणाले, "टाकी उतरवा. दोन्ही कान नवे घाला. मी बघितल्याशिवाय रंग लावायचा नाही."

धोंडूला म्हणाले, "आधीच असं सांगायचं नाही का, मामा?"

चूक आमची, असं एजन्सीत कुणी म्हटलं नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. धोंडूला खुर्ची दिली, चहा दिला. काम संपेपर्यंत तो तिथून उठला नाही. ठिणग्या उडत होत्या तेव्हा डोळे मिटायला सांगितलं, तरी तो बोटांच्या फटीतून बघत राहिला.

घरी येताना घाटात मागून काही आवाज नव्हता. रबर घातलं होतं तेव्हाही आवाज नव्हता. म्हणून या शांततेने त्याचं समाधान झालं नाही.

बाईंना न्यायच्या आदल्या दिवशी तो बाबलीकडे गेला.

"फाल्यां माझी गाडी तू चालवशीत?"

"आणि माझी गाडी काय तुझी बायल चालवतली?"

"चेष्टा नको रे. मी सांगन तसा चालवचा. हॉर्न मी सांगन तितके."

"बरा. तू खंय बसतलंस? पुढे राधाबाय."

"मागे."

"मागे बाई आडवी. मागे खंय बसतलंस?"

"खाली," धोंडू म्हणाला. बाबलीने विडी विझवली.

घाट चढताना सीट मागच्या बाजूला दबते, तेव्हा भीती नव्हती; धोंडू पुढेच दाटीने बसला. कोल्हापुरात डॉक्टरांनी नवा फोटो उजेडात धरला आणि कपाळाला आठी घातली. "धरतंय हाड. पण जागेवरून जरासं सरकलंय. मध्ये कुठे पडला होता का?"

राधाबाईने धोंडूकडे पाहिलं. धोंडू भिंतीला टेकला.

"गाडी घाटात होती, डॉक्टर," आनंदीबाई म्हणाल्या. "घाटात सगळंच सरकतं."

"पाय किंचित आखूड राहील. चालाल तुम्ही. पण आता हे जे धरलंय ते कोवळं आहे, अजून आडवंच न्यायचं. एक धक्का बसला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

गगनबावड्याला बाबलीने गाडी बाजूला घेतली. धोंडूने चारी चाकं बघितली, हात जोडले, पुन्हा चाकं बघितली. मग मागचं दार उघडून तो बाईंच्या खाली, दोन सीटच्या मधल्या जागेत शिरला. पाठ मागच्या बैठकीला लावली, गुडघे मुडपले आणि पायांचे दोन्ही तळवे पुढच्या सीटच्या लोखंडी चौकटीला रोवले. त्याचं डोकं बाईंच्या कमरेशी आलं.

"धोंडू, सीट नवीन बसवली आहे ना?" बाईंनी विचारलं.

"होय, बाई."

"मग?"

"बसवली आसा," तो म्हणाला. "हळू घे रे, बाबली."

खालून त्याला रस्ता दिसत नव्हता. काचेच्या वरच्या भागात आभाळ होतं आणि मध्येच झाडांचे शेंडे येत, वळत, निघून जात. आयुष्यभर ज्या रस्त्यावर नजर रोखून तो जगला होता तो आता दुसऱ्याच्या हातात होता. वळण आलं की ते त्याला आधी पाठीत कळे, मग गुडघ्यांत. "हॉर्न," तो म्हणे, आणि बाबली हॉर्न देई. "परत." बाबली परत देई. ब्रेक लागला की बैठक त्याच्या पाठीवर रेलतेय असं वाटे, आणि तो सगळ्या अंगाने मागे दाबे. खरंच रेलत होती की त्याचीच पाठ भीतीने ताठत होती, हे त्याला ठरवता येईना. मधल्या एका वळणावर समोरून ट्रक आला. बाबलीच्या तोंडून शिवी गेली, गाडी थांबली, आणि धोंडूच्या पायांत पेटका आला. त्याने तळवे काढले नाहीत. वरून बाईंचा श्वास त्याला ऐकू येत होता. तो एकसारखा होता.

वैभववाडीला बाबलीने चहासाठी गाडी थांबवली आणि मागे वाकून बघितलं. धोंडूचा सदरा चिंब झाला होता.

"हालली काय रे सीट?"

"म्हायत नाय."

"म्हायत नाय म्हंजे काय? पाठ तुझी आसा."

"मी हालूक दिली नाय."

बाईंनी हात खाली घालून त्याच्या खांद्यावर ठेवला. "धोंडू, घाट संपला. ऊठ आता."

"कट्ट्यापर्यंत ऱ्हवतंय, बाई."

"अरे, पुढे सपाट रस्तो आसा," बाबली म्हणाला. "चाय तरी पी."

धोंडूने पाय जरा हलवून पाहिले आणि पुन्हा चौकटीला लावले.

"चाय हंयच आण," तो म्हणाला. "आणि दार वायच हळू लाव."